संभाजीनगरात पहिल्यांदा भेटताय? आधी निघायची वेळ ठरवा, मग जागा

पहिल्या भेटीला दौलताबाद रोड नको. बाकीचं सगळं पुढं सविस्तर सांगतेच, पण हे आधी सांगते कारण हे मी स्वतः केलंय. चार वर्षांपूर्वी मी सेलूहून नोकरीसाठी इथं आले, चिकलठाण्यात काम, मुकुंदवाडीत रूम, आणि ॲपवर बोलणं होऊन एकाला पहिल्यांदा भेटायचं ठरलं. तो म्हणाला किल्ल्याकडं जाऊ, तिकडं शांत असतं, माझी गाडी आहे. मुलगा चांगला होता, आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण अर्ध्या तासात दोघांनाही कळलं की आपल्याला बोलायला काही नाही, आणि तोवर मी शहरापासून पंधरा किलोमीटर लांब, स्वतःची गाडी नाही, दिवस मावळायला आलेला, त्यानं ढाब्यावर जेवण सांगून ठेवलेलं. साडेचार तास गेले त्यात. रूमवर आले तर मैत्रीण विचारते "कसा होता गं?" आणि मला सांगताच येईना, कारण माझं सगळं लक्ष परत कसं जायचं याच्यातच होतं, माणूस मी नीट बघितलाच नव्हता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते. वाटेल तेव्हा उठून घरी जाता येतंय हे पक्कं माहिती असलं की माणूस मोकळा बसतो, मोकळा बसला की खरा बोलतो. म्हणून बेत उलट्या बाजूनं करायचा, आधी किती वाजता निघायचं आणि कसं जायचं ते, त्यानंतर कुठं बसायचं ते. नंतर मैत्रिणींच्या, चुलतभावाच्या, ऑफिसातल्या पोरापोरींच्या बऱ्याच पहिल्या भेटी मी अशाच ठरवून दिल्या आणि त्यातून जे कळलं ते इथं लिहिते.

आधी एक फोन, दहा-पंधरा मिनिटांचा

महिनाभर नुसतं चॅटिंग करून थेट भेटू नका. एकदा फोनवर बोला, जमलं तर व्हिडिओ कॉल करा. समोरचा माणूस फोटोतलाच आहे ना हेही कळतं आणि आवाज ओळखीचा झाला की भेटल्यावर पहिली पाच मिनिटं जड जात नाहीत. त्याच फोनवर तीन-चार गोष्टी सरळ विचारून घ्या: व्हेज का नॉनव्हेज, उपवास कुठल्या वारी असतो, शिफ्ट कधी सुटते, शहराच्या कुठल्या टोकाहून येणार. वाळूजला फर्स्ट शिफ्ट करणाऱ्या पोराला संध्याकाळी सातला सिडकोत बोलावलं तर तो पहाटेपासून जागा असतो, तो काय बोलणार आणि काय ऐकणार. आणि जनरल शिफ्ट सुटायच्या टायमाला वाळूजकडून जालना रोडवर यायचं म्हणजे बाबा पेट्रोल पंपापासून पुढं गाडी कशी सरकते ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळं दोघांना जवळपास सारखंच अंतर पडेल असं ठिकाण बघा, नाहीतर एक जण घामाघूम येतो आणि दुसरा आरामात बसलेला असतो.

फोनवरच अजून एक सांगून टाका, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "मला साडेपाच ते साडेसहा वेळ आहे, त्यानंतर मला निघायचंय." एवढंच वाक्य. कारण द्यायची गरज नाही. वेळ आधीच सांगितलेली असली की उठताना कुणाचा अपमान होत नाही, आणि गप्पा रंगल्याच तर अर्धा तास वाढवायला कुणाची हरकत नसते.

तू म्हणायचं का तुम्ही हा पण प्रश्न असतोच. आपल्याकडं स्थळ म्हणून बघणं चालू असेल तर तुम्हीवरच सुरुवात होते आणि ॲपवर पहिल्या मेसेजपासून तू चालतं. अवघड वाटत असेल तर फोनवरच विचारा, "मी तू म्हटलं तर चालेल ना?" विचारणारा माणूस चांगलाच वाटतो.

वेळ: ऊन, वार आणि गर्दी

आपल्या इथं वेळ ठरवताना आधी ऊन बघायचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी चारला बागेत भेटू म्हणणं म्हणजे दोघांचं डोकं दुखणार. मे महिन्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणून सहाला भेटा, नाहीतर सरळ सकाळी सात-साडेसातला भेटा. सकाळची भेट लोक विचारातच घेत नाहीत पण मला ती लई आवडते. पोहे-चहा होतो, नऊला दोघांनाही कामावर जायचंच असतं म्हणून भेट आपोआप आटोपते आणि घरच्यांनाही उशीर कशाला झाला हे सांगावं लागत नाही. डिसेंबरात मात्र सहाच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा चार-साडेचारला भेटलेलं बरं.

गर्दीचे दिवस टाळा. 14 जानेवारीला नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेटकडं गावोगावचे लोक येतात, त्या दिवशी बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी या बाजूला भेट ठरवली तर ट्रॅफिकमध्येच अर्धा वेळ जाईल. 17 सप्टेंबरला सकाळी सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, मंत्री-संत्री, पोलीस, बंदोबस्त. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा. त्या यात्रेला मी दरवर्षी जाते, पण पहिल्या भेटीला तिथं न्यायचं नाही, एकमेकांचं बोलणंच ऐकू येत नाही आणि हात सुटला तर माणूस सापडत नाही.

रविवार शक्यतो सोडा. रविवारी सगळीकडं फॅमिली असतात, बसायला जागा मिळत नाही, आणि ओळखीचं माणूस भेटायची शक्यता पण रविवारीच जास्त. बुधवार-गुरुवारची संध्याकाळ मला सगळ्यात चांगली वाटते.

आता जागा

जागा बघताना मी चार गोष्टी बघते. माणसांची वर्दळ आहे पण गोंगाट नाही. बाहेर पडलं की पाच मिनिटांत रिक्षा मिळते. बसता येतं आणि चालता पण येतं. आणि बायकांसाठी स्वच्छ बाथरूम जवळ आहे, हे कुणी लिहीत नाही पण मुलीला ज्या जागी बाथरूमची सोय नाही तिथं ती पाणी पण पीत नाही आणि अर्ध्या तासानं तिचं लक्ष उडतं, तेव्हा पोरांनो जागा सुचवताना हा विचार कराच.

सिडकोतलं कॅनॉट पहिल्या भेटीला सगळ्यात सोपं. मधे बाग, भोवतीनं दुकानं, कॅफे, चहाच्या टपऱ्या, खाण्याच्या गाड्या. कुठं बसायचं हे आधी ठरवायचीच गरज नाही, बागेभोवती एक चक्कर मारायची, जिथं शांत वाटेल तिथं बसायचं. चालताना बोलणं सोपं जातं हा माझा अनुभव आहे, समोरासमोर खुर्चीत बसलं की दोघंही नजर कुठं ठेवावी या विचारात पडतात पण शेजारी शेजारी चालताना ते होत नाही. कॉलेजची पोरं पोरी भरपूर असतात त्यामुळं तुमच्याकडं कुणी वेगळं बघत नाही. कॅफेत बसणार असाल तर आधी एकदा डोकावून या. मी एकदा एका जागी भेट ठरवली, गेले तर स्पीकर टेबलाच्या डोक्यावर, आम्ही दोघं तासभर "काय?" "काय म्हणालात?" एवढंच बोललो. जागा बदलायला हवी होती, पण पहिल्याच भेटीत कसं म्हणायचं म्हणून दोघंही गप्प बसलो. म्हणा. "इथं आवाज लई आहे, बाहेर बसू या का?" यात काहीच वाईट नाही.

पाणचक्की माझी सगळ्यात आवडती. लहानपणी शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच बघितलेली असते, मोठेपणी कुणी जात नाही. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याचा परिसर, समोर मोठा हौद, वडाचं झाड, आणि डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून मातीच्या नळांनी इथवर आणून उंचावरून सोडलेलं, त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. पाणी इतक्या लांबून खाली उतरून परत वर कसं चढतं याच्यावर दोन अनोळखी माणसं सहज पंधरा मिनिटं बोलू शकतात. बघायला काहीतरी असलं की बोलणं अडत नाही आणि मधेच गप्प राहिलं तरी ते गप्प राहणं खटकत नाही, पाण्याचा आवाज असतोच. पाऊस होऊन गेल्यावर जा, तेव्हा पाण्याला जोर असतो. दर्ग्याची जागा आहे, तेवढं भान ठेवून बसायचं, मोठ्यानं हसणं-खिदळणं, फोटोसाठी पोज देणं तिथं नको.

मकबरा तिथून जवळच. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा म्हणजे रांगेत उभं राहावं लागत नाही. ताजमहालची नक्कल म्हणून लोक त्याला कमी लेखतात, मला ते पटत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरास बानूची ती कबर, मुलगा आजमशाहनं बांधून घेतली असं सांगतात, आणि मुख्य दरवाजावर अताउल्ला नावाचा वास्तुकार आणि हंसपतराय नावाचा अभियंता या दोघांची नावं आहेत. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. 'तारीखनामा' नावाच्या जुन्या ग्रंथात खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये 7 आणे असा येतो, सात आण्यांपर्यंतचा हिशोब! आधी जाऊन दरवाजावरची नावं शोधा, मग लांब हौदाच्या कडेनं शेवटपर्यंत चालत जा, मग मागं नदीकडच्या बाजूला थोडं उभं रहा. एक तास बरोबर भरतो. खाणंपिणं बाहेर येऊन.

मे महिन्यात मात्र हे सगळं सोडा आणि प्रोझोनला जा. मॉल म्हणजे काय पहिली भेट असं मला आधी वाटायचं, पण एसी आहे, बाथरूम स्वच्छ आहे, बाहेर रिक्षा आहे, सिक्युरिटी आहे, आणि काही विकत घेतलं नाही तरी कुणी उठवत नाही. बाहेर आग ओकत असताना एवढं खूप झालं.

खाणारी माणसं असतील तर निराला बाजार ते गुलमंडी असं पायी फिरा, मधे चाट, शेवटी गरम इमरती. दोघंही नॉनव्हेज खात असतील तर जुन्या शहरात नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आहेच, तुघलकानं दौलताबादला राजधानी आणली तेव्हा फौजेबरोबर आला असं सांगतात. फक्त पहिल्याच भेटीत रस्सा खाताना दोघंही हात आणि कपडे सांभाळत बसतात, म्हणून मी तो दुसऱ्या भेटीला ठेवते. आणि उठायची वेळ झाली पण उठू या कसं म्हणावं कळत नसेल तर "चला, पान खाऊ" म्हणा. उस्मानपुऱ्यातलं तारा पान लांबलांबून लोक शोधत येतात. पान खाल्लं की भेट संपली हे आपल्याकडं कुणालाही सांगावं लागत नाही.

सोनेरी महालाचं म्युझियम शांत आहे, ज्यांना आवड आहे त्यांनी जावं.

नको त्या जागा पण स्पष्ट सांगते. औरंगाबाद लेणी सुंदर आहेत, पण आडवारी दुपारी तिथं कधी कधी चिटपाखरू नसतं. गोगाबाबा टेकडीवर पहाटे माणसं असतात तेव्हा ठीक, इतर वेळी दोघंच नको. म्हैसमाळ, वेरूळ, दौलताबाद लांब पडतं. कुणाचाही फ्लॅट नको, मित्राचा रिकामा फ्लॅट तर अजिबातच नको. सिनेमा पण नको, अडीच तास अंधारात शेजारी बसून एक शब्द न बोलता घरी यायचं, त्यात ओळख कुठली होते.

यायचं-जायचं

दोघांनी आपापलं यायचं आणि आपापलं जायचं. पोरांना हे कधी कधी लागतं, "मी सोडतो ना, विश्वास नाही का" असं वाटतं. विश्वासाचा प्रश्न नाही, पहिल्या भेटीत तिच्या रूमचा पत्ता तुम्हाला कळायची गरज नाही, एवढंच. ज्याला हे न सांगता कळतं त्याच्याबद्दल मुलीला लगेच बरं वाटतं, हे मी खात्रीनं सांगते. सिटी बस आहे, ॲपवरची रिक्षा आहे, तिची स्कूटी असेल तर उत्तमच. निघताना एका मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवा, कुणाला भेटतेय ते नाव आणि नंबर पण तिच्याकडं ठेवा, आणि अमुक वाजता फोन कर म्हणून सांगा. पोरांनी पण हे करावं, पैशाला फसवणारी माणसं पोरांनाही भेटतात. अडचण आलीच तर 112 हा एकच नंबर लक्षात ठेवा.

जालना, पैठण, सिल्लोडहून कुणी येणार असेल तर परतीची एसटी आधी बघा आणि भेट त्या गाडीच्या दीड तास आधी संपवा. बायकांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे त्यामुळं येणं परवडतं, पण रात्रीची गाडी हुकली तर स्टँडवर काय हाल होतात ते माहिती आहे. शक्य असेल तर एकदा तिनं इकडं यावं, पुढच्या वेळी त्यानं तिकडं जावं.

ओळखीचं कुणी भेटलं तर

ही आपल्या भागातली खरी भीती आहे आणि तिला हसून चालणार नाही. शहर केवढंही वाढलं तरी इथं अर्धा मराठवाडा शिकायला, नोकरीला, दवाखान्याला येतो. परभणीच्या काकाचे व्याही, शेजारच्या काकूंची भाची, कुणीही समोर उभं राहतं आणि "तू अमक्याची ना गं?" सुरू. मला हे दोनदा झालंय. पहिल्या वेळी मी घाबरून "हा ऑफिसातला" म्हणाले, पुढं ते खोटं सांभाळता सांभाळता वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी मी उभी राहिले, नमस्कार केला, म्हणाले "काका, हे माझ्या ओळखीचे, चहाला भेटलोय." काका दोन मिनिटं बोलले आणि गेले. खरं पण थोडकं असं एक वाक्य दोघांनी आधीच ठरवून ठेवा. आणि घरातल्या निदान एका माणसाला माहिती असू द्या, बहीण, वहिनी, आतेभाऊ, कुणीही एक. बाहेरून काही कानावर आलं तर घरात तुमच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी पाहिजे.

बागेत पोलिसांच्या दामिनी पथकानं विचारलं तर घाबरून पळू नका. उघड्यावर दोन सज्ञान माणसं बसून बोलतायत हा गुन्हा नाही. शांतपणे उभं रहा, आयडी जवळ असू द्या, विचारलं तेवढंच सांगा.

पैसे आणि गप्पा

पैशाचं लांबण लावत नाही. चहा-नाश्ता तीन-चारशेच्या आत बसेल असंच बघा, म्हणजे कुणावर ओझं राहत नाही. एकानं दिले तर दुसऱ्यानं पान किंवा आइस्क्रीम द्यावं. अर्धे-अर्धे करायचे असतील तर तिथंच यूपीआय करून मोकळं व्हा. पहिल्याच भेटीत महागाचं गिफ्ट आणू नका, समोरच्याला परत काय द्यावं ही काळजी लागते.

गप्पांचं मात्र जरा बोलू. आपल्याकडं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "गाव कुठलं" आणि दुसरा "आडनाव काय", आणि त्याच्या मागं काय शोधणं चालू असतं ते सगळ्यांना कळतं. मग पगार किती, परमनंट का काँट्रॅक्ट, शेती किती एकर, बागायत का कोरडवाहू, भाऊ किती. लग्न ठरवायचं असेल तर हे प्रश्न कधीतरी येणारच, मी ते खोटे म्हणत नाही. पण पहिल्या तासात विचारले की समोरचा माणूस उत्तरं देतो आणि आतून बंद होतो. त्याऐवजी गावाबद्दलच विचारा, पण वेगळं. सुट्टीत गावी गेल्यावर पहिलं काय खाता? होस्टेलची मेस कशी होती? शाळेत कुठल्या सरांची भीती वाटायची? ज्या वर्षी टँकर यायचा तेव्हा पाणी कोण भरायचं? हा शेवटचा प्रश्न मी एकाला विचारला होता, तो लातूरचा, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हाचा. तो बोलता बोलता आईबद्दल बोलायला लागला, ती रात्री दोनला उठून घागरी लावायची, हा अकरावीत होता आणि रोज झोपल्याचं सोंग घ्यायचा. त्याला त्याचं अजून वाईट वाटत होतं. पॅकेज विचारून मला हे कळलं नसतं.

फोन पिशवीत ठेवा. जुन्या प्रकरणाचं पुराण नको. समोरचा कमी बोलत असेल तर लगेच "बोअर झालात का" विचारू नका, काही माणसांना ऊब धरायला वेळ लागतो. आणि तुम्हाला खूप बोलायची सवय असेल तर मधे पाणी प्या, दुसऱ्याला जागा मिळते.

रात्रीचा मेसेज

भेट झाली, घरी पोचलात, तर "पोचले" एवढा मेसेज दोघांनी टाकायचा. पुढं काय ते त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी कळवा. इथं लोक लई चुकतात, नाही म्हणायचं जिवावर येतं म्हणून उत्तरच देत नाहीत आणि समोरचा आठवडाभर फोन उघडून बघत बसतो. मला असं कुणीतरी ठेवलं होतं, अकरा दिवस, त्यामुळं मी हे कुणालाच करत नाही. नाही म्हणायचं असेल तर मी असं लिहिते, "आज भेटून बरं वाटलं, वेळ काढलात त्याबद्दल मनापासून आभार. पुढं जावं असं मात्र मला वाटत नाहीये. तुम्हाला खूप शुभेच्छा." झालं. कारणं लिहायची नाहीत, कारण लिहिलं की त्यावर वाद सुरू होतो. आणि तुम्हाला असा मेसेज आला तर "ठीक आहे, स्पष्ट सांगितलंत बरं केलं" एवढं लिहून नंबर बाजूला ठेवा. का म्हणून विचारू नका, कॉमन मित्राला मधे घालू नका.

हो असेल तर मोघम "भेटू कधीतरी" नको, दिवस आणि जागा सुचवा. आता तासाभराचं बंधन सैल करता येतं, वेरूळला जायचं असेल तर दिवसाउजेडी, सकाळी लवकर निघा. मंगळवारी लेणी बंद असतात आणि शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी, श्रावणात तर रात्रीपासून माणसं पायी निघालेली असतात. बुधवार धरा. जाताना दोघांनी मिळून तिकिटं काढा, आणि कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावरून आधी खाली बघा, मग आत उतरा.